टोपी काढून मारणारा

१३ जानेवारी १९६९, सोमवार

पुन्हा मुख्य आवाज! चौदा महिन्यांनी!
एवढे दिवस काय केलं, तर गर्दी. एका माइकसमोर सहा जणांनी उभं राहायचं आणि “पकडा, पकडा” ओरडायचं. वीस वर्षं रोमच्या पडद्यावरच्या प्रत्येक देखण्या पुरुषाला ज्याने गळा दिला, त्याने हे ओरडायचं!
गावात्झी — आमच्या ध्वनिगृहाचा मालक, आवाजातलं शष्प कळत नाही — म्हणाला, “ओत्तोरीनो, हा सिनेमा जमला तर तू पुन्हा पहिल्या यादीत. नाही जमला तर गर्दीच. वयही झालं तुझं.”
वय! बघतोच.

१४ जानेवारी

नायक पाहिला. नायक म्हणे!
बुटका. पन्नाशीचा. खांदे पडलेले. पैसे घेऊन माणसं मारतो. पण साहेबांना लांबचं दिसत नाही! म्हणून तीन पावलांवर जातो, टोपी काढतो, नाव विचारतो, माफी मागतो आणि मग गोळी घालतो. घोड्यावर चढताना धापा टाकतो. याला मी आवाज द्यायचा! स्पेनच्या माळावर चार फळ्या ठोकून काउबॉयपटांची अमेरिका उभी करतात, तीही आता कुजली म्हणायची.
मूळचा अमेरिकन नट तिसऱ्याच दिवशी पळाला. मग दिग्दर्शकाने सामान वाहणारा खेचरवाला उचलला आणि त्याला टोपी घातली. हिनेस नावाचा. नट नाही, काही नाही.

१६ जानेवारी

दिग्दर्शक सान्ना येऊन डोकं खाऊन गेला. तिशीसुद्धा गाठलेली नाही, गळ्यात मफलर, बोलताना डोळे मिटतो. “ओत्तोरीनोसाहेब, जरा लहान आवाजात. तो घाबरलेला माणूस आहे हो.”
घाबरलेला माणूस बघायला लोक थेटरात कशाला येतील? घरी आरसे नाहीत का?
मी छातीतून बोललो. काचेपलीकडे गावात्झीने अंगठा वर केला. सान्ना कोपऱ्यात नखं खात बसला.

१७ जानेवारी

फिल्मच्या पट्टीचा तोच तुकडा अठरा वेळा गोल फिरवला. त्या हिनेसचे ओठ म्हणजे रवंथ करणारी गाय.

२० जानेवारी

नवंच लचांड!
चित्रण नेहमीसारखं मुकं. जर्मन जर्मनमध्ये बोलतो, ग्रीक ग्रीकमध्ये. आणि ज्याला संवाद पाठ होत नाहीत तो नुसते आकडे मोजतो. ओठ हलले की झालं, बाकी आमचं काम. हिनेसही आकडेच मोजतो. उनो, दोस, त्रेस — मी ओठ वाचतो, माझ्यापासून काय लपणार! पण शेवटच्या प्रसंगात तो आपल्या म्हाताऱ्या साथीदाराला मारतो आणि प्रेताशेजारी बसून बोलतो, तिथे वीसच्या पुढे आकडे नाहीत. भलतंच काहीतरी आहे. सान्नालाही ठाऊक नाही!
ओठ जुळले नाहीत तर संवाद बसवणार कसा? शेवटी त्या खेचरवाल्यालाच बोलावून घेतलं. म्हणजे आता ही वरातही बघायची.

२३ जानेवारी

आला. कोटाला दोरीचा पट्टा. हातात फडक्यात बांधलेलं बकरीचं चीज, अख्ख्या ध्वनिगृहात वास. माझ्यासमोर आला आणि टोपी काढली! मला हसू आवरेना. इटालियन बोलतो तेही आमच्या मजुरांकडून उचललेलं, निम्मं स्पॅनिश.
“शेवटी काय बडबडलास?” मी विचारलं.
“मला वीसपर्यंतच येतं, साहेब. पुढं काय म्हणणार? आणि तो मेल्याचं सोंग करणारा म्हातारा आमच्या गावचा सुतार हो. थंडीत उघड्यावर पडलेला. म्हटलं, काका, जमीन गार आहे. फार वेळ पडून राहू नका. मी बसतो इथं, तुम्ही घरी जा.”
सान्नाचे डोळे भरले. आता बघा! वीसच्या पुढे मोजता न येणाऱ्याची ही कविता!
मी ओठांवर बरोबर बसेल असं वाक्य तिथल्या तिथे रचून दिलं: “नरकात माझी जागा धरून ठेव, कुत्र्या! मी येईन तेव्हा सैतानसुद्धा उठून उभा राहील!” गावात्झीने टाळ्या वाजवल्या. हिनेस सान्नाच्या कानात हळूच म्हणाला — मला ऐकू आलं — “पण ते काकांना कुत्रा का म्हणतायत?”

२४ जानेवारी

जेवताना एर्सिलियाला हिनेसची नक्कल करून दाखवली. ती टोपी, तो घोगरा पातळ आवाज. हुबेहूब! मला वाटलं हसेल. बायकोला माझं कौतुक कधी नव्हतंच. हातातला चमचा खाली ठेवून म्हणाली, “गार आहे, पडून राहू नका — असं म्हणाला तो?”
“हो. अडाणी.”
“घरी एवढं मोठ्याने नको बोलूस, ओत्तोरीनो. मी समोरच आहे.”

३१ जानेवारी

संपलं. गावात्झीने खांद्यावर हात ठेवला. पहिली यादी! हिनेस आठवडाभर सान्नाकडे मुक्काम ठोकून काल गेला. एवढे दिवस काय करत होता देव जाणे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

लिहू की नको.
दुपारच्या खेळाला एर्सिलियाला घेऊन गेलो. शहराबाहेरचं थेटर, पंचवीस-तीस माणसं, संत्र्यांची सालं. कोट इस्त्री करून घातला होता मी.
नायकाने टोपी काढली. तोंड उघडलं. आवाज माझा नाही!
हिनेसचा. तोच घोगरा, तीच मोडकी भाषा. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. माझं एक वाक्य ठेवलं नाही. एक श्वास नाही! मला वाटलं, आता लोक खुर्च्या फेकतील. फेकाव्यात, असं मनापासून वाटत होतं.
लोक हसले. मग हसायचे थांबले. शेवटी तो प्रेताशेजारी बसला आणि म्हणाला, काका, जमीन गार आहे. पुढच्या रांगेतला एक धटिंगण सबंध खेळभर संत्री सोलत होता, त्याचे हात थांबले.
एर्सिलिया रडत होती. माझ्या कुठल्याही सिनेमाला ती कधी रडलेली नाही. दिवे लागल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, “हा तुझा आवाज?”
“मग कोणाचा?” मी म्हणालो.


२३ फेब्रुवारी

खालच्या पाल्मीराबाईंनी जिन्यात अडवलं. चौकीदारीण कसली, अख्ख्या इमारतीचं वर्तमानपत्र! काल त्याही आल्या होत्या थेटरात. “काय साधं बोललात हो! ओळखूच आला नाहीत. एरवी तुम्ही किती…” पुढचं गिळलं.
मी मान लववली. आभार मानले. एर्सिलिया मागे भाजीची पिशवी धरून उभी होती.

२४ फेब्रुवारी

सान्नाचा फोन. “हात जोडतो, साहेब. मी चोरून भरून घेतला होता त्याचा आवाज. पण गावात्झींना ऐकवला तर त्यांनाच हा आवडला.” चोर तो चोर, वर शिष्टाचार!
पुढच्या आठवड्यापासून मला गर्दी. “पकडा, पकडा.”
परवापासून त्याचं ते वाक्य कानातून जात नाही. मेल्याने आवाज चढवला नाही, दाणकन काही म्हटलं नाही. मला नसतं जमलं. लिहून टाकलं. इथे कोण वाचतंय?

२७ फेब्रुवारी

एर्सिलियाला सांगितलं, तो आवाज माझा नव्हता. लहान आवाजातच सांगितलं, मोठा निघालाच नाही. ती आर्टिचोकची भाजी सोलत होती. म्हणाली, “पहिल्याच शब्दाला कळलं होतं मला. पाच दिवस वाट बघतेय.”