गोळ्या चालू आहेत का?

१९ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? दादाला विचारलं तर तो फोनवर सगळं "बरंय" म्हणून उरकतो. मी ठीक आहे. आमच्या प्रयोगशाळेत नवं मशीन आलंय. खुर्च्या मात्र त्याच, डगमगत्या.

दादा परवा बोलता बोलता म्हणाला की घरात अजून बिनतिखटाचंच शिजतं. मुलं तोंड वाकडं करतात, पण तू मिरचीला हात लावत नाहीस. बाबांना जाऊन वर्ष होत आलं, वहिनी. ते ऐकलं आणि हे पत्र लिहायला बसले.

गेल्या आठवड्यात एक आजोबा आले होते, पोटात अल्सर करणाऱ्या जंतूच्या तपासणीला. पोटात दुर्बीण घालून काढलेला आतल्या अस्तराचा कणभर तुकडा आम्ही एका पिवळ्या डबीत टाकतो. जंतू असला तर तासाभरात डबी गुलाबी होते. मी नेहमीसारखं विचारलं, "आम्लपित्ताच्या गोळ्या चालू आहेत का?"

"हो, लेक देते की रोज," ते कौतुकाने म्हणाले.

त्या गोळ्यांनी जंतू दबून राहतो आणि तपासणी फसते. गोळ्या बंद करून दोन आठवड्यांनी या, असं मी त्यांना सांगितलं.

बाबांचं पोट दुखायचं म्हणून त्यांची हीच तपासणी केली, तेव्हा मी हे विचारलंच नाही. गोळ्या मीच तर देत होते. डॉक्टरांकडे त्यांचा नंबर ओळखीने मध्येच घुसवला होता आणि घरभर मिरवलं होतं. खरं लिहिलं असतं तर नंबर गेला असता, माझी ऐटही गेली असती. म्हणून फॉर्मवर त्या प्रश्नापुढे मी "नाही" लिहिलं. डबी पिवळीच राहिली.

घरी येऊन वर मीच सगळ्यांसमोर म्हणाले, "जंतूबिंतू काही नाही. वहिनीच्या हातचं तिखट बाधतंय." तू मिरचीचा डबा वर ठेवून दिलास. दुसऱ्या दिवसापासून सगळं मिळमिळीत, पाच महिने. बाबा म्हणायचे, "सूनबाई मला तान्हं बाळ समजते गं." एक मिरची दे म्हणून मागे लागायचे, आणि तू डोळे पुसत नाही म्हणायचीस.

रक्ताची उलटी होऊन त्यांना दाखल केलं, तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा तुकडा काढला होता. त्याचा कागद ते गेल्यावर दोन दिवसांनी माझ्या हातात आला. जंतू होता. दोन आठवड्यांच्या औषधाने गेला असता.

तो कागद मी कपड्यांच्या घडीत दडवला. दादा तुला "तुझ्या तिखटाने माझा बाप गेला" म्हणाला, तेव्हा मी शेजारच्या खोलीत होते. मला सगळं ऐकू आलं. मी उठले नाही.

कागद सोबत ठेवलाय. दादालाही दाखव, त्याला मला काय बोलायचं ते बोलू दे. तू माफ करशील अशी आशा धरून हे लिहीत नाही. फक्त आज स्वयंपाकात मिरची घाल. तुझ्या हातचं बाबांना कधीच बाधलं नव्हतं.

"नाही" लिहिणारी,
तुझी नणंद