ऊन असेल तर ओलांडा

सर,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझा राग अजून ताजा आहे. गेल्या रविवारी धुळ्याला, कॉलेजच्या गिर्यारोहण मंडळाच्या खोलीला तुमचं नाव द्यायचा कार्यक्रम झाला. जुनी विद्यार्थिनी म्हणून मलाही बोलायला बोलावलं होतं, आणि मी बोलले.

हिमालयातल्या मोहिमेची आखणी आम्ही त्याच खोलीत केली होती. आदल्या वर्षी तिथे जाऊन आलेल्या गिर्यारोहकांना लिहून मी त्यांचा अहवाल मागवला होता. हिमनदीखालचा ओढा पहाटेच ओलांडा, ऊन चढलं की बर्फ वितळून पाणी वाढतं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी ते वाचून दाखवलं तर तुम्ही सगळ्यांसमोर मला झापलंत. "कागद वाचून डोंगर चढता येत नाहीत. सातपुड्यात हयात गेली माझी. ढग असतील तर थांबा, ऊन असेल तर नाला बिनधास्त ओलांडा." हिमालयात तुम्ही कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. पण तुम्हाला तसं विचारणं म्हणजे उद्धटपणा. चोपड्याकडची माझी मैत्रीण हॉस्टेलवर माझीच समजूत काढत होती, "सर सांगतस ना, मंग बठ्ठं ठीकच व्हई."

आम्ही ओढ्याशी पोचतो तेव्हा दुपार झालेली असते, लख्ख ऊन. मी म्हणते, उद्या पहाटे जाऊ. आमचा म्होरक्या म्हणतो, सरांनी काय सांगितलंय? माझी चोपड्याची मैत्रीण पहिली उतरते. ती आम्हाला पुन्हा दिसली नाही.

एवढ्यावर कदाचित मी तुम्हाला माफ केलं असतं. पण तिच्या घरी सांत्वनाला गेलात आणि ओटीवर बसून तिच्या वडिलांना म्हणालात, "पोर उतावळी होती हो, माझं ऐकलं नाही." आबांनी मान खाली घातली. तुमच्यापुढे मला तोंड उघडता आलं नाही.

आता जळगावला मी पोरांना मोहिमा आखायला शिकवते आणि दर वेळी तुमचं नाव घेऊन तुमची चूक सांगते. कोणतीही माहिती हातात आली की माझी पोरं आधी विचारतात, "ताई, हाई लिखनारा सोता तठे जायेल शे का? कोन्ता महिनामा?" लिहिणारा स्वतः जाऊन आलेला असला, तरी एकाच्या शब्दावर ती वाट ठरवत नाहीत. यंदा उतरून आलेल्यांना गाठतात, तिथल्या गावात फोन लावतात. तुमच्या शब्दाला इथे काडीची किंमत राहू नये, अशी तजवीज मी केली आहे.

रविवारी आबांना मी स्वतः घेऊन गेले आणि पहिल्या रांगेत बसवलं. मग माइकवरून सगळं सांगितलं. तुमचा मुलगा उठून गेला. पाटी लागली ती लागलीच. बाहेर आल्यावर आबांनी माझा हात धरला. "मंग मनी पोर उतावयी नव्हती?"

"नव्हती, आबा. तिने सरांचं ऐकलं."

हे पत्र टाकायला पत्ता नाही. एक मात्र कबूल करते. आबांच्या शेजारची खुर्ची मी मुद्दाम रिकामी ठेवायला लावली होती. बोलताना सारखी तिकडेच बघत होते. तुम्ही जिवंत असायला हवे होतात, सर. तिथे बसून ऐकायला.