विजयदुर्गची ओहोटी

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी विजयदुर्गाबद्दल बोलायला बसले आहे. दुष्काळातल्या भूममध्ये टँकरच्या रांगेतली घागर घरी टाकून आम्ही वर्गात यायचो, आणि तुम्ही आमच्यापुढं मराठ्यांचं आरमार उभं करायचात. खाडीतल्या गोदीत गलबतं दुरुस्त होतायत, बुरुजांवर तोफा रोखलेल्या आहेत, समुद्राच्या पोटात दडलेल्या भिंतीवर आपटून शत्रूची जहाजं फुटतायत. समुद्र तुम्हीही पाहिलेला नव्हता.

विजयदुर्गच्या सहलीला पाठवायला वडील तयार नव्हते. सोसायटीच्या गोदामात पोती उचलणारा माणूस, बोलणं कमीच. पोरीला काही झालं तर तिची शाळा तिथंच संपली, असं त्यांनी तुम्हाला तोंडावर सांगितलं. तुम्ही जबाबदारी घेतलीत.

आपण पोचलो तेव्हा नेमकी ओहोटी. किल्ल्याखालचे काळे खडक उघडे पडलेले. भिंत इथंच कुठंतरी असणार म्हणून तुम्ही धोतर खोचून पुढं, आम्ही चार मुली मागं. आपल्याकडं तळं आटलं की पुढच्या पावसापर्यंत आटलेलंच. गेलेलं पाणी त्याच दुपारी परत येतं, हे आपल्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही. काठावरून एक कोळीण हातवारे करत होती. पाहुण्यांना रामराम करतेय असं समजून तुम्हीही हात हलवलात.

मागं वळून बघतो तर आलेली वाट पाण्याखाली. घोट्याचं पाणी बघता बघता मांडीला लागतं. मी पळायला बघते, तुम्ही मनगट धरता.

"पळू नगंस. एक पाय रोव, मगच दुसरा उचल."

पोहता आपल्यात कुणालाच येत नव्हतं. मला वाटलं, संपलं सगळं. त्या कोळणीच्या नवऱ्यानं होडी आणली आणि एकेकीला वर ओढलं. तुम्ही शेवटी चढलात, तेव्हा पाणी तुमच्या छातीला होतं.

परतीच्या बसमध्ये मी तुमच्या पाया पडले, घरी सांगू नका म्हणून. तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. भूमला उतरलात ते खारानं कडक झालेल्या कपड्यांनिशी थेट आमच्या दारात. काही न वगळता सगळं सांगितलंत. चूक माझी, पोरीची शाळा तोडू नका, एवढंच मागितलंत. आई चुलीपुढं तशीच उभी.

"मंग गुरुजी, ती भित घावली का?" वडिलांनी विचारलं.

"न्हाय."

"बरं. उद्या यील ती शाळंला. पर आता पाण्यात नेऊ नगा."

पुढं मी शिकले, इतिहासच शिकवला. गावात अजून सांगतात, गुरुजींनी पोरी बुडताना वाचवल्या. मी मान डोलावते. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. तुम्ही आमच्या दारात बोलायला तोंड उघडलंत, तेव्हा क्षणभर मला वाटलं होतं, होडी तुमच्यापर्यंत पोचली नसती तर बरं झालं असतं.