राजदूत आता माझी

११ जानेवारी, रविवार
घेतली! राजदूत ३५०. दोन सिलिंडर, वयाने माझ्याहून मोठी. आयुष्यातली पहिली गाडी — आणि ती चालत नाही!

बाबांचे जुने शेजारी सीतारामकाका नायगावच्या बीडीडी चाळीतून नव्या टॉवरमध्ये गेले. तिथे हिला जागा नाही. टेम्पोतून करी रोडला, आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आणली. आई गॅलरीतून ओरडली, "सुरुची, ते लिफ्टमधून वर आणायचं नाही हं!"

काकांना सांगून टाकलं — पाडव्याला चालू.

१८ जानेवारी
किक खालीच जात नाही. डावा पिस्टन गंजून जाम. प्लगच्या भोकातून डिझेल ओतून ठेवलंय. मुरू दे.

२५ जानेवारी
सुटला! इंजिनचं हेड काढलं, पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि हळूहळू ठोकत राहिले. आई चहा घेऊन खाली आली आणि तासभर टॉर्च धरून बसली.

८ फेब्रुवारी
सिलिंडर परळला लेथवाल्या हितेंद्रकडे बोअर करायला, म्हणजे आतून कातून घ्यायला दिले.
"मॅडम, गाडी बांधणार कोण?"
"मी."
"तसं नाही, मेकॅनिक कोण?"
"मीच रे बाबा!"

१ मार्च
नवे पिस्टन बसवले. सहाव्या किकला चालू! पार्किंगभर धूर, वॉचमन बादली घेऊन धावला.

पण एकाच सिलिंडरवर. डावीकडे स्पार्क आहे, म्हणजे पेट्रोल पोचत नाही. त्या बाजूचा कार्बोरेटर परत खोलला — जेटचं भोक बुजलेलं. वायरीतली एक बारीक तार घालून मोकळं केलं. आणि मग दोन्ही सिलिंडर एकदम! मी एकटीच नाचले.

८ मार्च
काका ऐकायला आले. डोळे मिटून उभे राहिले.
"छान वाजतेय गो. आता चालवून दाखव."
"ब्रेकचं थोडं बाकी आहे, काका."
ब्रेक कालच झालेत.

१५ मार्च
आज सांगितलं, क्लच बघायचाय. काका "बरं" म्हणाले.

लायसन्स आहे माझ्याकडे. मैदानात आठचा आकडा काढून मिळवलेलं. मागे ट्रक आणि समोर लालबागचा पूल — तसं कधीच चालवलेलं नाही. गाडी अख्खी खोलून जोडली, आणि गेटबाहेर न्यायला घाबरते. हे कुणाला सांगू?

१९ मार्च, पाडवा
सकाळी गाडीला हार घातला. काका स्वतःचं हेल्मेट घेऊन हजर.
"लालबागपर्यंत एक चक्कर मारून येतो."
चावी दिली. "नवे पिस्टन आहेत काका, पन्नासच्या वर नको."
"मला शिकव तू!"

दोन तास झाले. फोन बंद. पुलापर्यंत चालत गेले, मग केईएम हॉस्पिटलच्या दारापर्यंत. शेवटी काकांच्या घरी, कालिंदीकाकूंना फोन केला.
"अगो, डबा घेऊन गेलेत ना! मला वाटलं, तुझ्याकडेच जेवतील."

डबा? लालबागला जायला?

त्याच दिवशी, संध्याकाळी
काकांचा फोन. खेडहून, भाच्याच्या घरून! "कशेडी घाटात एकदाही अडली नाही गो. पण माझी कंबर गेली. परत तूच आणायची."

हो म्हटलं. सकाळी परळ डेपोतून एसटी. हेल्मेट पिशवीत भरलंय.