पूर्वेला निघण्याबाबत

मी, मुरलीधर सखाराम पेंढरकर, वय ६४, धंदा स्वयंपाकी, राहणार करामा, दुबई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने लिहीत आहे. शिक्षण सातवीपर्यंत, तरी कायद्याची चूक पोटात घालावी.

१. देवरुखचे घर व बँकेतली शिल्लक मुलगी सुजाता हिची. घराची कौले बदलली आहेत, तरी स्वयंपाकघराचा कोपरा गळतो का ते पाहावे.

२. माझ्या सुऱ्या खोलीतला सोबती दत्तप्रसाद यास. ओल्या ठेवू नयेत. "काका, विमानात दिशाशूल कुठल्या सीटवर बसतं हो?" असे तो, मी वार पाहून वर्ज्य दिशेचा प्रवास टाळतो म्हणून, सगळ्यांदेखत म्हणाला होता, ते मी विसरलेलो नाही. तरी द्याव्यात.

३. चित्रांचे जपानी पुस्तक सुजाताला. त्याचे कारण लिहिणे भाग आहे.

ओकाबे मॅडमकडे मी अकरा वर्षे स्वयंपाक केला. त्या इतिहासाच्या शिक्षिका. गेल्या वर्षी मायदेशी परतताना त्यांनी हे पुस्तक दिले. तेव्हापासून एकट्यापुरता भात लावतो, अंदाज चुकतो.

हजार वर्षांपूर्वीच्या जपानी दरबाराने पंचांग, लिपी, राजधानीच्या रस्त्यांची आखणी चीनकडून घेतली. दिशांचे भयसुद्धा, असे त्या सांगत. पुस्तकात बैलगाडीतून निघालेला एक सरदार आहे. त्याची दिशा त्या दिवशी वर्ज्य. म्हणून तो आधी भलतीकडेच कोणाच्या घरी मुक्काम करतो आणि सकाळी तिथून इच्छित ठिकाणी जातो.

मी खूश होऊन म्हणालो, "मॅडम, आमच्याकडे प्रस्थान ठेवतात, तसंच! चांगल्या वेळी पिशवी शेजारी नेऊन ठेवायची. मग वाईट वारी निघालं तरी चालतं."

त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या लोकांनाही जायचंच होतं, मुरली-सान."

त्या दिवशी माझ्या हातून आमटी करपली.

सुजाता, १९९८ साली तू रविवारी फोन केलास, "बाबा, उद्याच्या विमानाने या, आई तुमची वाट बघतेय." सोमवारी पूर्वेला, म्हणजे घराच्या दिशेला, दिशाशूल, म्हणून मी तिकीट मंगळवारचे काढले. प्रमिला सोमवारी संध्याकाळी गेली. तू तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीस.

रविवारीच शेजारच्या शहनाझबाईंकडे पिशवी ठेवता आली असती. दार चार पावलांवर होते. ठेवली नाही. प्रमिलाला मरताना पाहायची मला भीती वाटली. दिशाशूल ही सबब होती. हे आजवर कोणाला सांगितलेले नाही.

४. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात, हे मला ठाऊक आहे. परंतु हे सही होताच तुला रजिस्टर टपालाने पाठवत आहे. मेल्यावर वाचलेस, तर याही वेळी मी उशिराच पोचेन.

सही: मु. स. पेंढरकर
साक्षीदार: १) दत्तप्रसाद केळुसकर २) शहनाझ मुकादम
करामा, दुबई. १२ फेब्रुवारी २००३