क्रियापदाच्या आधी

४ जून

सकाळी सूनबाईला म्हणालो, "आय ड्रिंक ऑलवेज टी." ती ओट्यापाशी पाठमोरी उभी. वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "ऑलवेज ड्रिंक, बाबा."

मला वाटलं आग्रह करतेय — नेहमी पीत जा म्हणून! मग ट्यूब पेटली. चूक सुधारत होती.

मुलगा जाऊन महिना होत आला. घरात आम्ही दोघंच. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला. मधे इंग्रजी. तिची चांगली, माझी लंगडी. तो होता तोवर तोच दुभाष्या — घास तोंडात ठेवून एकदा माझ्याकडे वळायचा, एकदा तिच्याकडे. आता नुसती ताटं वाजतात.

क्लास लावायचा ठरवलंय. या वयात! लावणार.

९ जून

क्लास हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत. खाली पत्रे कापतात, वर आम्ही व्याकरण. मास्तरांच्या दोन्ही बाह्या खडूने पांढऱ्या, म्हणून सगळे त्यांना खडूमास्तर म्हणतात. तोंडावर नाही.

आज क्रियाविशेषण. मास्तर टेबलावर थाप मारून म्हणाले, "नीट ऐका! इंग्रजीत हे बेणं क्रियापदाच्या आधी घुसतं. आय नेव्हर स्मोक. शी ऑफन सिंग्ज. आपल्यासारखं वाट्टेल तिथे बसत नाही. फक्त ॲम, इज, आर, वॉज असला, की त्याच्या नंतर उभं राहतं." मग म्हणाले, शब्दाला 'ली' लावा की बहुतेक वेळा क्रियाविशेषण तयार. क्विक — क्विकली. स्लो — स्लोली.

सोपं आहे की! नटाला वॉशर लावल्यासारखं.

घरच्या माणसांबद्दल एक वाक्य लिहायला सांगितलं. मी लिहिलं — माय सन युज्वली कम्स ॲट सेव्हन. मास्तर म्हणाले, "शाब्बास, एकदम बरोबर!"

मी वही मिटली. व्याकरण बरोबर होतं.

१० जून

कामावर जायला लागलोय, लिफ्ट दुरुस्तीच्या; लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो की बरं वाटतं. ग्रीसचा वास, वर लोंबणारे दोर. कुणी विचारपूस करत नाही.

१२ जून

पोलीस ठाण्यातून फोन. मुलाला उडवणाऱ्या टेम्पोवाल्याची केस उभी राहतेय, बाप म्हणून माझी साक्ष हवी. देणार! कुजू दे त्याला आत. त्याचं म्हणणं काय, तर टेम्पो सावकाश होता, तुमचा मुलगाच बाजूने चाकाखाली आला. आंधळा होता का माझा मुलगा? नकाशे काढायचा तो! केसाएवढ्या रेघा!

१५ जून

मुलाच्या ऑफिसात शोकसभा झाली. तिथे चार प्रांतांची माणसं, म्हणून सगळं इंग्रजीत. मोठे साहेब बोलले, दोघं-तिघं बोलले. मग मला विचारलं, काही बोलायचंय का? सूनबाई शेजारी होती. उठलो. आदल्या दिवशी आरशासमोर पाठ केलं होतं. मान ताठ ठेवून म्हणालो —

"माय सन हार्डली वर्क्ड. ही ऑलवेज हार्डली वर्क्ड."

क्रियाविशेषण क्रियापदाच्या आधी. दोन्ही वेळा!

सगळ्यांनी माना खाली घातल्या. एक मुलगी रडायलाच लागली. मला वाटलं, पोचलं बरोबर. माझा मुलगा किती राबायचा ते सगळ्यांना पटलं.

१६ जून

जेवताना सूनबाई आपणहून बोलली. किती दिवसांनी! ताटाकडे बघत म्हणाली, "बाबा, आय हार्डली न्यू हिम."

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि इतकं घट्ट ओळखत होती त्याला. मी म्हणालो, "मी टू." तिने चमकून पाहिलं. मग माझ्या ताटात भात वाढला.

आज झोप लागेल.

२३ जून

काय लिहू.

मास्तरांनी फळ्यावर दोन वाक्यं काढली. ही वर्क्ड हार्ड — फार मेहनत केली. ही हार्डली वर्क्ड — काम जवळजवळ केलंच नाही. म्हणाले, "इथे भलेभले फसतात. हा 'ली' दगाबाज आहे." सगळे हसले. मीही हसलो असेन. तोंड उघडं होतं एवढं आठवतं.

मेलेल्या मुलाला भर सभेत कामचोर म्हणून आलो. बापाने! आणि सूनबाई सगळं समजून गप्प बसली.

आणि ती म्हणाली ते? आय हार्डली न्यू हिम. म्हणजे ओळखलंच नाही मी त्याला. आणि मी वर म्हणालो — मी पण.

२६ जून

साहेबांना भेटलो. ते आपलीच भाषा बोलतात, देवाची कृपा. म्हणालो, माफी मागायला आलोय. मला उलटं म्हणायचं होतं. माझं इंग्रजी कच्चं आहे.

साहेबांनी दार लोटलं. म्हणाले, "म्हणजे तुम्हाला माहीत नाही? आम्हाला वाटलं, तुम्ही सगळ्यांसमोर खरं तेच सांगताय."

"काय खरं?"

मग ते सांगत गेले. मुलाची नजर कडेकडून मिटत चालली होती. नळीतून पाहिल्यासारखं फक्त समोरचं दिसायचं. डॉक्टर म्हणाले, उपाय नाही. रेघा चुकायला लागल्या. त्याने साहेबांना विश्वासात घेऊन सांगितलं — घरी मीच सांगेन, तुम्ही बोलू नका. तोवर त्याचे नकाशे बाकीचे वाटून घेऊन पुरे करायचे. तो यायचा, खुर्चीवर बसायचा, डबा खायचा, जायचा. वर्ष होत आलं होतं.

शोकसभेत रडली ती मुलगी त्याच्या शेजारच्या टेबलावरची.

घरी तो पाण्याचा तांब्या लवंडायचा. मी म्हणायचो, लक्ष कुठंय तुझं?

चालत घरी आलो. लिफ्ट चालू होती, तरी जिन्याने.

२७ जून

सूनबाईला सांगितलं. सकाळपासून वाक्यं जुळवत होतो, सगळी पडली. शेवटी नुसतं म्हणालो, "हिज आईज. क्लोज. स्लोली." हाताने दाखवलं, कडेकडून कसं.

ती खाली बसली, भिंतीला टेकून. मग म्हणाली, "ऑन द स्टेअर्स ही ऑलवेज हेल्ड माय आर्म. आय थॉट इट वॉज लव्ह."

एवढं मला कळलं. शब्दन् शब्द.

म्हणालो, "इट ऑल्सो वॉज."

"वॉज ऑल्सो," ती म्हणाली. सवयीने. मग हुंदका फुटला, आणि मीही पोरीच्या शेजारी फरशीवर बसलो.

३० जून

भांडलो. बहुतेक पहिल्यांदाच.

ती म्हणते, कोर्टात सांगा. मी म्हणालो, "आय नेव्हर टेल!" दिसत नसताना रस्त्यावर गेला, म्हणजे चूक त्याचीच, असं लोक म्हणतील. गेलेल्याची अब्रू तेवढी शिल्लक आहे. ती का घालवू? आणि टेम्पोवाला माझा कोण लागतो?

ती शांतपणे म्हणाली, "ही हॅज अ फादर टू." खोलीत गेली. दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

३ जुलै

क्लासला गेलो नाही. कामावरही नाही.

८ जुलै

कोर्टात उभा राहिलो. टेम्पोवाला पिंजऱ्यात — पोरगेलासा, माझ्या मुलाच्याच वयाचा. न्यायाधीशांनी विचारलं, काय सांगायचंय? म्हणालो, माझ्या मुलाला बाजूचं दिसत नव्हतं. ह्याची चूक नाही.

ते म्हणाले, नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा.

पुन्हा सांगितलं. मोठ्याने.