ट्रॉली परत पाठवताना

३ मार्च, मंगळवार

नात भौतिकशास्त्रात आपटली. फेरपरीक्षा सोमवारी. मुलानं जेवताना तोंड उघडलं ते एवढ्यासाठीच – "या वेळी गेली तर शाळा बंद. दुकानात बसायचं. खिळे-स्क्रू विकायला संवेग लागत नाही." पोरगी ताटात चिवडत बसली. मी म्हटलं, तू कुठं पहिला नंबर काढला होतास रे?

४ मार्च

तिच्याजवळ बसले. मी चौथीपर्यंतची, मला काय कळणार! म्हटलं, मोठ्यानं वाच. पुस्तक म्हणतं – जोर लावूनही वस्तू हलली नाही, तर कार्य शून्य. शून्य! इस्पितळाच्या धुलाईखान्यात अठ्ठावीस वर्षं ओल्या चादरींच्या ट्रॉल्या ढकलल्या. चाक अडकलं की घामाच्या धारा. आमच्या मुकादमानंच लिहिलेलं दिसतंय हे पुस्तक! नात हसली. आठवड्यात पहिल्यांदा.

५ मार्च

एकच गणित. चौथ्यांदा चुकलं.

६ मार्च, शुक्रवार

दोन किलोचा चेंडू. सेकंदाला तीन मीटर. भिंतीवर आपटून तेवढ्याच वेगानं परत. संवेगात बदल किती? ही म्हणते, आधी सहा, नंतर सहा, बदल शून्य. पुस्तकात उत्तर बारा. वही भिरकावली – "आजी, मी ढ आहे. बसू दे दुकानात!"

ढ म्हणे! हाताला धरून उठवली. मुलाची हिशेबाला बसायची चाकांची खुर्ची घेतली, वर खिळ्यांचं पोतं. ढकलली तिच्याकडे.

"अडव."

अडवली.

"आता पाठव माझ्याकडे."

पाठवली. धुलाईखान्यात मी आणि माझी जोडीदारीण, तिला आम्ही ठेंगणी म्हणायचो, दिवसभर हेच करायचो. ट्रॉली नुसती थांबवली की निम्मंच काम झालं.

"जोर किती वेळा लागला?"

"दोनदा. थांबवायला, मग परत पाठवायला."

"मग शून्य कुठून आणलंस, बये?"

मग एकदम – "उलट दिशा! परत येताना वजा सहा!" वहीकडे धावली. बारा आले. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण पुढची तीन गणितं तिनं न विचारता सोडवली.

९ मार्च, सोमवार

पेपर झाला. "बरा गेला," एवढंच. मागच्या वेळी डोळे सुजवून आली होती. आज आल्या आल्या जेवायला मागितलं.

२० मार्च, शुक्रवार

पास! मुलगा निकाल दोनदा वाचून म्हणतो, "ते ठीक, पण दुकानात कोण बसणार?"

म्हटलं, मी. सोमवारपासून. तेवढं स्टूल कापून बुटकं कर, माझे पाय पोचत नाहीत.